सकाळी नेट लागत नाही? आधी क्रम बघा, मग फोन उचला



आज मार्केटिंग नाही, कर्ज नाही, जीएसटीसुद्धा नाही. आज एका छोट्याशा दुखण्यावर बोलू. ऑनलाइन कामांचं दुकान चालवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे दुखणं कधी ना कधी होतंच.

सकाळी शटर वर केलं, अगरबत्ती लावली, कॉम्प्युटर सुरू केला. स्क्रीन आली, पण खाली कोपऱ्यात नेटच्या चिन्हावर फुली. समोर चार माणसं कागदं घेऊन उभी. तुम्ही वायर काढून लावता, बटण बंद-चालू करता, देवाचं नाव घेता. वीस मिनिटांनी नेट आपोआप लागतं आणि दिवसभर मस्त चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच तमाशा.

माझं मत पहिल्यांदाच स्पष्ट सांगतो. दिवसभर नीट चालणारं नेट जर फक्त कॉम्प्युटर सुरू करतानाच रुसत असेल, तर बहुतेक वेळा दोष नेट कंपनीचा नसतो. आपल्या दुकानातल्या मशीन कोणत्या क्रमानं जाग्या होतात, त्यात गडबड असते. ही गडबड शोधणं हे मेकॅनिकचं नाही, मालकाचं काम आहे. दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घ्या, पण निदान स्वतः करा. तुमचं मत वेगळं असेल तर असू द्या, पण आधी पूर्ण वाचा.

हा कॉम्प्युटरचा नाही, धंद्याचा प्रश्न आहे

मी स्वतः काही वर्षं सिंदेवाहीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवलं. आमचा भाग तुम्हाला माहीत आहे. नागभीड आणि मूलच्या मधला धानाचा पट्टा, आजूबाजूला जंगल. गुंजेवाही, नवरगाव, शिवणी, वासेरा या बाजूची माणसं तालुक्याला येतात ती सकाळच्या गाडीनं. एका दिवसात तहसील, बँक, दवाखाना, बाजार सगळं उरकायचं असतं. संध्याकाळी अंधार पडायच्या आत गावाला पोहोचायचं असतं, कारण रस्त्यावर वाघाची भीती खरीच आहे.

आता ही माणसं आपल्याकडे कशाला येतात? उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पोराच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, डिजिटल सहीचा सातबारा, धान विक्रीची नोंदणी, कुठल्या तरी योजनेचं केवायसी. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आला. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. सरकारचा कागद हळूहळू स्क्रीनवर गेला. त्यामुळे आधी जी रांग टेबलासमोर लागायची, तिच्यातली बरीच माणसं आता तुमच्या-माझ्या दुकानासमोर येतात.

एकदा जून महिन्यात, ॲडमिशनच्या दिवसांत, एक काकाजी सकाळीच आले. सोबत दहावी झालेली नात. मी म्हटलं, "काकाजी, नेट नाही लागून राहिलं. उद्या या."

ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, उद्या आलो तं उद्याचीबी मजुरी जाईल न. रोवण्याच्या आधीचे दिवस आहेत."

मी गप्प झालो. तासाभरानं नेट आपोआप लागलं. तोवर ते समोरच्या दुकानात गेले होते आणि त्यांचं काम झालंही होतं. समोरच्या दुकानात तेच नेट, तीच कंपनी, तोच खांब. मग त्याचं लागलं आणि माझं का नाही? हा प्रश्न मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारला. तोपर्यंत मी फक्त कंपनीला शिव्या देत होतो.

त्या दिवशी दाखल्याची फी गेली याचं मला फार काही वाटलं नाही. पण काकाजी पुन्हा माझ्या दुकानात आले नाहीत. त्यांच्या गावाची इतर माणसंही हळूहळू समोर जायला लागली. गावात "त्याच्याकडं नेट नसते" एवढं एक वाक्य फिरलं की पुरतं.

सुरू होताना आत नेमकं काय होतं

हे समजून घेतलं की अर्धी भीती जाते. सोप्या भाषेत सांगतो.

दुकानात साधारण तीन गोष्टी असतात. पहिली, भिंतीवरची फायबरची डबी, जिच्यात बाहेरून बारीक वायर येते. दुसरी, राउटर. (बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच डब्यात असतात.) तिसरा, आपला कॉम्प्युटर. दोन-तीन कॉम्प्युटर आणि प्रिंटर असतील, तर मधे वायरी जोडायचा एक स्विचही असतो.

कॉम्प्युटर सुरू झाला की तो वायरवर हाक मारतो, "मला पत्ता द्या." राउटर त्याला एक आकडी पत्ता देतो, म्हणजे आयपी ॲड्रेस. हा पत्ता मिळाला की पुढची कामं सुरू. रेशन दुकानात टोकन मिळाल्याशिवाय नंबर लागत नाही, तसंच हे. या टोकन वाटपाला तांत्रिक भाषेत डीएचसीपी म्हणतात.

आता समजा लाइट गेली आणि आली, किंवा आपण सकाळी एकाच मेन बटणानं सगळं सुरू केलं. आजच्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी असते, तो अर्ध्या मिनिटात तयार होतो. फायबरची डबी आणि राउटरला मात्र पूर्ण जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. कॉम्प्युटर हाक मारतो तेव्हा टोकन देणारा अजून झोपेत असतो. तीन-चार हाका मारून उत्तर आलं नाही, की विंडोज स्वतःच स्वतःला एक कामचलाऊ पत्ता देतो. तो नेहमी १६९.२५४ पासून सुरू होतो. त्या पत्त्यावर बाहेरचं इंटरनेट चालत नाही.

नंतर विंडोज मधूनमधून पुन्हा विचारत राहतो. काही मिनिटांनी राउटर उत्तर देतो, खरा पत्ता मिळतो आणि नेट "आपोआप" लागतं. आपण म्हणतो, चमत्कार झाला. चमत्कार नाही, टोकनवाला उशिरा आला एवढंच.

मधे स्विच असला की हा त्रास जास्त दिसतो. राउटर अजून तयार नसतो, पण स्विच लगेच जागा होतो. कॉम्प्युटरला वाटतं वायर जोडलेली आहे, म्हणून तो घाईनं हाक मारून मोकळा होतो. समोरच्या दुकानदाराचा राउटर रात्रभर चालूच असायचा. मी मात्र वीज वाचवायला मेन बटण बंद करून जायचो. आमच्यातला फरक एवढाच होता.

कुणालाही फोन करण्याआधी पाच गोष्टी बघा

याच क्रमानं बघा. उलटसुलट केलं तर गोंधळ वाढतो.

एक, दिवे. फायबरच्या डबीवर लॉस नावाचा दिवा असतो. तो लाल दिसला तर बाहेरूनच उजेड येत नाही. वायर तुटली असेल, रस्ता खोदताना कापली असेल, झाड पडलं असेल. तिथं तुमचा कॉम्प्युटर कितीही वेळा बंद-चालू करा, काही होणार नाही. लगेच कंपनीला तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. लाल दिवा नसेल आणि पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा असेल, तर तक्रार करायची घाई करू नका. पुढं चला.

दोन, मोबाइल. मोबाइलचा डेटा बंद करा आणि दुकानाच्या वायफायवर एखादी वेबसाइट उघडा. मोबाइलवर चालतं आणि कॉम्प्युटरवर नाही, म्हणजे दुखणं कॉम्प्युटरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. दोन्हीवर चालत नाही, म्हणजे राउटर किंवा त्याच्या पुढं. या एका मिनिटाच्या तपासणीनं अर्धं जंगल साफ होतं.

तीन, पत्ता. कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट उघडा, आपल्या जोडणीवर क्लिक करा आणि आयपीव्ही-फोर ॲड्रेस वाचा. १६९.२५४ पासून सुरू होत असेल तर टोकन मिळालेलं नाही. वायर काढून दहा सेकंदांनी परत लावा, कॉम्प्युटर पुन्हा पत्ता मागेल. वायफाय असेल तर ते बंद-चालू करा. पूर्ण कॉम्प्युटर बंद करायची गरज नाही. पत्ता १९२.१६८ पासून सुरू होत असेल तर बहुतेक टोकन बरोबर आहे, पुढं बघा.

चार, तारीख. स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ बघा. याकडं कुणी बघतच नाही. तारीख काही वर्षं मागची दिसली, तर नेट जोडलेलं असूनही सरकारी पोर्टल, बँक, मेल काहीच उघडत नाही. कारण सुरक्षित वेबसाइट आपलं प्रमाणपत्र दाखवते, त्यावर मुदतीच्या तारखा असतात. तुमचा कॉम्प्युटर म्हणतो, "हे तर अजून सुरूच झालं नाही," आणि दार लावून घेतो. थोड्या वेळानं विंडोज नेटवरून वेळ जुळवून घेतो आणि सगळं "आपोआप" उघडतं. कारण काय? आतल्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला. बहुतेक कॉम्प्युटरमध्ये तो सीआर २०३२ नावाचा असतो, किंमत अगदी मामुली. रात्री मेन बटण बंद करायची सवय असेल तर हा सेल लवकर संपतो, कारण बंद असताना घड्याळ फक्त त्याच्यावर चालतं.

पाच, रीस्टार्ट. शट डाउन नाही, रीस्टार्ट. दोन्ही सारखे नाहीत. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. शट डाउन केलं तरी विंडोज आपला आतला गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसाच्या तसा साठवून ठेवतो आणि सकाळी तोच पुन्हा उचलतो. म्हणून लवकर सुरू होतो. पण काल नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचं काही बिघडलं असेल, तर ते दुखणंही सकाळी सोबत येतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणून रात्री बंद करून सकाळी सुरू केल्यावर नेट लागत नाही, पण रीस्टार्ट केलं की लगेच लागतं, असं वारंवार होत असेल तर संशय फास्ट स्टार्टअपवर घ्या. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, पॉवर बटणं काय करतील ते ठरवायचा पर्याय निवडा, बदल करायची परवानगी द्या आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील. लागू द्या.

आणखी तीन लपलेले उंदीर

पाचही गोष्टी ठीक निघाल्या तरी काही दुकानांत त्रास राहतो. तिथं बहुधा या तीनपैकी एक असतं.

पहिला, एकच पत्ता दोघांना. कधीतरी कुणीतरी प्रिंटर लावताना कॉम्प्युटरला हातानं कायमचा पत्ता देऊन गेलेला असतो. राउटरला ते माहीत नसतं, तो तोच पत्ता दुसऱ्या कुणाला देतो. मग सकाळी जो आधी सुरू झाला तो जिंकतो आणि दुसरा उपाशी राहतो. म्हणून एक दिवस चालतं, एक दिवस नाही. उपाय असा, की कॉम्प्युटरवर पत्ता आपोआप घ्यायचा पर्याय ठेवा. प्रिंटरला कायमचा पत्ता हवाच असेल तर तो राउटरमध्येच राखून ठेवा. म्हणजे वाटणारा एकच राहील.

दुसरा, अंगठ्याचं मशीन. आधार पडताळणीच्या मशीनचा एक छोटा प्रोग्राम कॉम्प्युटरसोबत सुरू होतो, ज्याला आपण आरडी सर्विस म्हणतो. त्याला सुरू होतानाच नेट लागतं. नेट दोन मिनिटं उशिरा आलं तर तो रुसून बसतो आणि नंतर नेट आलं तरी मशीन तयार नाही असंच दाखवतो. लोक मशीन खराब झालं म्हणून नवीन घ्यायला निघतात. आधी नेट लागल्याची खात्री करा, मग मशीनची वायर काढून लावा, नाही जमलं तर एकदा रीस्टार्ट. दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर आपल्याकडं जोडलेलं असेल तर त्याच्यावरही सकाळी लाल फुली दिसते, तीही याच कारणानं. नेट आल्यावर त्याच्यावर दोनदा क्लिक करा, बहुतेक वेळा उघडतं.

तिसरा, वीज वाचवणारं कार्ड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये एक खूण असते, वीज वाचवायला हे कार्ड बंद करायची परवानगी. कॉम्प्युटर झोपवून पुन्हा उठवल्यावर नेट जात असेल तर ती खूण काढा.

फॉरमॅट मारा, या सल्ल्याला माझा विरोध

आता थोडं कडवट बोलतो. आपल्याकडं कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध सांगतात, "फॉरमॅट मारून देतो." मी स्वतः हे औषध घेतलं आहे. त्या काकाजींच्या घटनेनंतर घाबरून मी एकाला बोलावलं. त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि फॉरमॅटचा सल्ला दिला. मी हो म्हटलं. दिवसभर दुकान बंद. ग्राहकांच्या स्कॅन केलेल्या कागदांची एक फोल्डर कॉपी करायची राहून गेली ती कायमची गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेट? पुन्हा तसंच. कारण राउटर उशिरा उठतो या दुखण्याला फॉरमॅटचा काही उपयोगच नव्हता.

चूक कुणाची? त्याची थोडी, माझी जास्त. मी त्याला फक्त एवढंच सांगितलं होतं, "नेट चालत नाही." कधी चालत नाही, किती वेळ, मोबाइलवर चालतं का, लाइट गेल्यावर होतं का, यातलं काहीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडं जाऊन "बरं वाटत नाही" एवढंच म्हणणारा पेशंट मी होतो. मेकॅनिक वाईट नसतात हो, पण अर्धवट माहितीवर त्यांनी तरी काय करावं?

काही प्रशिक्षक सांगतात, "तुम्ही उद्योजक आहात, तंत्रज्ञ नाही. असली कामं सोपवा." शहरात हे बरोबर असेल. तिथं तासाभरात माणूस येतो. आपल्याकडं तो मूलवरून किंवा ब्रह्मपुरीवरून दुपारी येणार, पावसात आला तर आला. तोपर्यंतचा धंदा कुणी करायचा? सोपवायचं तर दुरुस्ती सोपवा. पण "काय बिघडलं, कधी बिघडतं" हे मालकालाच माहीत पाहिजे. राइस मिलचा मालक स्वतः मोटर गुंडाळत नाही, पण मोटरच्या आवाजातला फरक त्यालाच सगळ्यात आधी कळतो.

"भाऊ, आमच्याकडं नेटच खराब आहे"

हा आक्षेप मी नाकारत नाही. जंगलपट्टीत नेट खराब आहेच. पावसाळ्यात लाइट जाते, टॉवरची बॅटरी उतरते, फायबर तुटतं. हे सुधारावं म्हणून तक्रार केलीच पाहिजे, ग्रामपंचायतीत, कंपनीकडं, जिथं लागेल तिथं. पण म्हणूनच सांगतो, की दोन दुखणी वेगळी करायला शिका. बाहेरचं दुखणं दिवसात कधीही येतं. आतलं दुखणं ठरलेल्या वेळी येतं, म्हणजे सुरू करताना, लाइट आल्यावर, झोपेतून उठवल्यावर. रोज सकाळी आतलं दुखणं बाहेरच्याच्या नावावर खपवलं, तर ज्या दिवशी खरंच फायबर तुटेल त्या दिवशी तुमची तक्रार कुणी गंभीरपणे घेणार नाही.

या बाबतीत आपल्याच भागातला मोठा माणूस आठवतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ च्या सुमारास पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं बघत राहिले. त्यातून आपला एचएमटी तांदूळ आला. मोठी डिग्री नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. वेगळं काय दिसतं ते बघायचं आणि एका वेळी एकच गोष्ट तपासायची, एवढी शिस्त होती. आपल्याला तर फक्त एक राउटर तपासायचा आहे.

उद्यापासून दुकानात काय करायचं

राउटर आणि फायबरची डबी शक्यतो रात्रंदिवस चालू ठेवा. वीज फारच थोडी खातात. पावसाळ्यात विजा चमकत असतील तर मात्र प्लग काढून ठेवा, तिथं काटकसर नको.

राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. लाइट गेली तरी राउटर बंद पडत नाही, म्हणजे पुन्हा जागं व्हायची भानगडच नाही. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलं आहे ते वाचून तेवढाच जुळणारा घ्या. व्होल्ट चुकला तर राउटर जळेल. डबी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही वीज मिळाली पाहिजे. एकच चालू राहून उपयोग नाही.

मेन बटण बंद करावंच लागत असेल तर सकाळी क्रम पाळा. आधी फायबरची डबी, मग राउटर, मग झाडलोट, पूजा, पाणी भरणं. दिवे स्थिर झाले की मगच कॉम्प्युटर आणि सगळ्यात शेवटी अंगठ्याचं मशीन. दुकान उघडायच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी हे सुरू करा. पहिला ग्राहक येईल तेव्हा पोर्टल उघडलेलं असलं पाहिजे.

दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक मोबाइल तयार ठेवा. फायबर खरंच तुटलं तर त्याच्या हॉटस्पॉटवर तातडीची कामं निघतात. पण शेजाऱ्याच्या किंवा अनोळखी वायफायवर ग्राहकाचं आधार, बँकेचं काम करू नका. त्यांनी कागद आपल्या भरवशावर दिलेले असतात.

एक वही ठेवा, साधी शंभर पानी. नेट गेलं की चार गोष्टी लिहा. वेळ, दिवे कसे होते, मोबाइलवर चालत होतं का, कशानं लागलं. पंधरा दिवसांनी ती वही वाचा. बहुतेक वेळा उत्तर तिच्यातच सापडेल. नाही सापडलं तर मेकॅनिकच्या हातात वही द्या. तो वीस मिनिटांत काम करेल, फॉरमॅट मारणार नाही.

आणि पाच तपासण्यांचा कागद भिंतीवर चिकटवा. दुकानात काम करणाऱ्या पोराला, पोरीला शिकवा. तुम्ही लग्नाला गेलात म्हणून दुकान अडायला नको.

शेवटचं ग्राहकाबद्दल. इतकं करूनही एखाद्या दिवशी नेट नाहीच लागलं, तर "उद्या या" म्हणू नका. "काकाजी, बसा. कागदं पाहून घेतो," म्हणा. कागदं तपासा, कमी असेल ते सांगा, फॉर्ममधली माहिती लिहून घ्या, फोन नंबर घ्या. "तहसीलमधलं तुमचं काम करून या, नेट लागलं की मी फोन करतो," असं सांगा आणि फोन नक्की करा. तुमचं नेट दहा मिनिटं गेलं होतं हे माणूस विसरतो. तुम्ही त्याची मजुरी वाचवली की वाया घालवली, ते मात्र तो गावात जाऊन सांगतो.

समोरच्या दुकानदाराकडं माझ्यापेक्षा चांगलं नेट नव्हतं. त्याचा राउटर माझ्यापेक्षा दोन मिनिटं आधी जागा असायचा, एवढंच. त्या दोन मिनिटांपायी माझ्या हातून एक अख्खं गाव गेलं. तुमच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून एवढं लिहिलं.

उद्या सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबायच्या आधी भिंतीवरच्या डबीचे दिवे बघा. आणि वहीचं पहिलं पान आजच लिहा.

भेटूया पुढच्या विषयात. धंदा वाढवा, माणसं जपा. नमस्कार.